ते मांजर आमचं नाही

कळंबात कोणी मांजर पाळत नाही. कुत्रा पाळत नाही. बागकाम करत नाही. आणि रिकामा वेळ तर गावात कोणाजवळच नाही. हे चारही नकार तुम्हाला एकाच बाईकडून मिळतील. ती ओट्यावर बसलेली असेल, मांडीवर मांजर झोपलेलं असेल, पायरीवर कुत्रं पसरलेलं असेल, डोक्यावर जास्वंदीची फांदी आलेली असेल, आणि दुपारची भांडी झाल्यापासून ती तिथून हललेली नसेल. मांजराकडे बोट दाखवून विचारलंत तर म्हणेल, "कोनाचं हाय काय माईत! आमचं नोहे बाप्पा."

मासिकांतून हल्ली 'पेट पेरेंट', 'किचन गार्डन', 'मी टाइम' असले शब्द वाचायला मिळतात. पुण्या-मुंबईकडे माणसं मांजराचा वाढदिवस करतात, कुत्र्याला स्वेटर घालतात, कुंडीतल्या पुदिन्याचे फोटो काढतात. आमच्या सासूबाई हे सगळं चष्मा लावून वाचतात, "रिकामे लोक" एवढाच शेरा मारतात आणि तेच मासिक उघडून मांजराखाली सरकवतात. थंडीत फरशी बाधते म्हणून.

यवतमाळहून नागपूरकडे निघालं की तासाभराच्या आत चक्रावतीच्या काठी आमचं हे तालुक्याचं गाव लागतं. बाहेरचे लोक आम्हाला ओळखतात ते चिंतामणीमुळे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा गणपती. देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आत कुंड आहे, आणि काही वर्षांनी त्या कुंडाचं पाणी चढत चढत मूर्तीच्या चरणांना लागतं आणि पुन्हा ओसरतं. त्याला गंगा आली म्हणतात. साधारण बारा वर्षांनी येते अशी श्रद्धा आहे. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. उन्हाळ्यात नळाखाली गुंड मांडून बसलेल्या बायकांना तेवढं वाटत नाही. पाण्याची वाट पाहण्याचा त्यांचा सराव दांडगा आहे.

तर देव असा गावाचा मालक, आणि त्याचं वाहन आमच्या कोठीच्या खोलीत मुक्कामाला. तिथे तूर, गहू, ज्वारी यांची पोती एकावर एक रचलेली असतात. वाहनाला इंधन कमी पडत नाही. उंदीर मारायचा विषय काढला की सासूबाई विचारतात, "देवाची गाडी फोडतं का?" त्यामुळे चतुर्थीला औषध ठेवायचं नाही, मंगळवारी ठेवायचं नाही आणि उरलेल्या दिवशी 'जाऊ दे, बिचारं' म्हणून ठेवायचं नाही. राहता राहिला पिंजरा. रात्री त्याच्या आकड्याला भज्याचा तुकडा लावायचा (शिळी पोळी लावली तर आमचे उंदीर आत जात नाहीत). सकाळी सापडलेल्याला लांबून नमस्कार करायचा, आणि मग आमचे हे गाडीच्या हँडलला पिंजरा अडकवून त्याला गावाच्या पलीकडच्या टोकाला सोडून येतात. पलीकडच्या टोकाचे लोकही भाविकच आहेत. तेही आपला पिंजरा घेऊन आमच्या टोकाला येतात. भल्या पहाटे पुलावर दोन गृहस्थ समोरासमोर आले, दोघांच्याही हँडलला पिंजरे असले आणि दोघांनीही नुसती मान हलवून दुसरीकडे पाहिलं, तर समजावं की कळंबातली उंदरांची अदलाबदल सुरळीत चालू आहे.

मांजर या व्यवहारात आपण होऊन आलं. हे काही आमच्याकडेच घडलं असं नाही. अभ्यासक सांगतात की माणसाने मांजर असं पाळलंच नाही. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारं भरली, कोठारांमागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं. त्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेलं होतं. २००४ साली हा शोध जाहीर झाला तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. माझी खात्री आहे की त्या माणसाच्या घरचेही जन्मभर 'आमचं नोहे' असंच म्हणत असतील.

आमच्याकडे येतं ते पांढऱ्यावर पिवळे ठिपके असलेलं आहे. त्याला नाव नाही. नाव ठेवलं की ते आपलं होतं, म्हणून सगळे त्याला 'ते' म्हणतात. 'ते आलं का', 'त्याले दिलं का', 'ते काहून जेवलं नाही आज'. त्याची वाटी स्टीलची आहे आणि तिच्यावर मशीनने कोरलेलं आहे: 'सप्रेम भेट'. खाली सासूबाईंच्या लग्नाची तारीख. अशा वाट्या पूर्वी डझनाने आहेरात यायच्या. बाकीच्या गावभर इकडच्या तिकडे झाल्या, ही तेवढी मांजराकडे राहिली. तिच्यात जे दूध पडतं ते मुद्दाम ओतलेलं नसतं. ते उरलेलं असतं. ते रोज उरावं म्हणून दूधवाल्याकडून पाव लिटर जास्त घेतलं जातं, एवढंच. कोठीत उंदीर खडबडला की ते मांजर फक्त एक कान तिकडे वळवतं. बाकीचं मांजर झोपलेलंच राहतं. मी एकदा म्हणाले, "आई, हे उंदीर कुठे धरतं?" तर उत्तर आलं, "चिंतामनीच्या गावचं हाय ते. त्याले समजते."

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की घरातल्या जागांचं वाटप नव्याने होतं. कूलरच्या नेमक्या झोताखाली एक हात रुंदीची जी पट्टी असते ती घरातल्या कर्त्या माणसाची, असा जुना दंडक होता. आता तिथे ते झोपतं. कर्ता माणूस त्याच्या डाव्या अंगाला, पाहुणा उजव्या अंगाला, आणि लेकीसुना ताटीच्या बाजूने जिथे नुसती ओल येते तिथे. पाहुण्याने मांजराला बाजूला सारायला हात पुढे केला तर घरातले चार जण एकदम म्हणतात, "असू द्या, असू द्या, बसू द्या त्याले." पाहुण्याला मग कळतं की हे घर कोणाचं आहे.

आणि कापूस. यवतमाळच्या बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे दिवाळीनंतर पुढच्या खोलीत सोफा दिसत नाही, कापूस दिसतो. वावरातून वेचून आणलेला कापूस लगेच विकला तर भाव पडलेला असतो, म्हणून तो घरातच भरून ठेवायचा आणि भाव चढायची वाट पाहायची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि तो आकडा प्रत्येक घराच्या डोक्यात बसला. पुढच्या हंगामात कोणी विकायला तयारच होईना. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत ढीग लागला होता. पोरं त्यावर आडवी होऊन टीव्ही पाहायची, अभ्यासाची वही त्यात हरवायची आणि रिमोट तर होळीपर्यंत सापडला नाही. आठवडाभर बरं वाटलं. मग अंगाला खाज सुटली. कापूस घरात साठला की त्यातली कीड आणि धूळ अंगावर उठते, गावोगावी लोक खाजवत दवाखान्यात जातात, हे इथे दर काही वर्षांनी होतं. आम्ही सगळे खाजवत होतो. खाजवत नव्हतं ते एकटं मांजर, कारण त्याने ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, कापसात खोल खळगा करून चार पिल्लं घातली होती.

व्यापारी आला तेव्हा भाव अजून बरा होता. आमच्या ह्यांचं मन डळमळलं. गाडी बोलवायची ठरली. सासूबाईंनी दारात उभं राहून सांगितलं, "भाऊ, पंधरा दिवसानं या. अजून डोळे उघडले नाहीत." व्यापाऱ्याला वाटलं, घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. तो बिचारा "सांभाळा, जपा" म्हणून परत गेला. डोळे उघडले. मग चालायला लागू दे, म्हणाल्या. मग मांजर पिल्लांना सात घरं दाखवल्याशिवाय एका जागी ठेवत नाही, तेव्हा ते आपणच नेईल, कापूस हलवू नका, म्हणाल्या. त्याने सातही घरं आमच्याच ढिगात केली. तोवर भाव उतरत उतरत साडेसात हजारांच्या आसपास आला. घरात त्यावर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. तेव्हापासून हे मांजराशी बोलत नाहीत. दूध मात्र तेच आणतात, पाव लिटर जास्त.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. मांजर एका घराचं नसतं, कुत्रा एका गल्लीचा नसतो. आमच्याकडे त्याचं नाव काळ्या, समोर टायगर, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे मोती, पिठाच्या गिरणीत शेरू. तो सगळ्या नावांना येतो. पण तो आधी कोणत्या नावाला येतो यावर आमचं बारीक लक्ष असतं, कारण त्यावरून आज कोणाच्या घरी काय शिजलं ते कळतं. रविवारी सकाळी अकराच्या पुढे तो 'टायगर'शिवाय दुसऱ्या नावाला वळूनही पाहत नाही. मग आमच्या सासूबाई म्हणतात, "समोरच्याकडे मटन हाय," आणि मुगाच्या वरणाला फोडणी देतात. चतुर्थीला गल्लीभर साबुदाण्याची उसळ असते, तेव्हा तो कोणत्याच नावाला येत नाही. एसटी स्टँडवर जाऊन बसतो. पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम घराघरांत आहे. पण त्याला शेवटची पोळी म्हणजे पंधरा घरांच्या पंधरा पोळ्या होतात, आणि प्रत्येक घराला वाटतं की आपण दिली नाही तर तो उपाशी राहील.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला. त्यात रस्त्यात कुठेही खाऊ घालू नका, त्यासाठी ठरलेल्या जागा करा, असंही होतं. टीव्हीवर दिल्लीचे लोक तावातावाने भांडत होते. आमच्या गल्लीने बातमी शांतपणे ऐकली. ठरलेली जागा इथे आधीपासून आहे. ती कुत्र्याने ठरवलेली आहे. मास्तरांच्या पायरीच्या खाली, नालीच्या अलीकडे, दुपारनंतर सावली येते तिथे. दुसरीकडे पोळी टाकली तर तो ती तोंडात धरून तिथे नेऊन खातो.

स्वयंपाकघरं आमच्याकडे दोन असतात. आतलं गॅसचं, ओटा, टाइल्स, रॅकमध्ये उभ्या ताटल्या. ते पाहुण्यांना दाखवायचं. आणि मागच्या सांदवाडीत टिनाखाली चूल. वावरातली पऱ्हाटी तिथे भारे बांधून पडलेली असते. वांग्याचं भरीत, आंघोळीचं पाणी, रोडग्यांच्या गोवऱ्या, सणाच्या पुरणाचा मोठा गंज, हे सगळं तिथेच. गॅस आल्यावर चूल जाईल, असं फार लोकांना वाटलं होतं. ती गेली नाही, नुसती मागे सरकली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला इथे कोणी भरीत म्हणत नाही.

फ्रिज मात्र स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत. त्यावर विणलेलं झाकण, झाकणावर प्लास्टिकची फुलदाणी, फुलदाणीवर पोरांचं बक्षिसाचं कप-पदक. हा फ्रिज शीतपेटी म्हणून कमी आणि कपाट म्हणून जास्त वापरतात. आमच्या फ्रिजात या घडीला काय आहे ते सांगते: डोळ्यांत घालायचे थेंब, पुढच्या खरिपाचं भेंडीचं बी, मेंदीचा कोन, रेशनच्या पावत्या (कशा आल्या माहीत नाही), आइस्क्रीमच्या डब्यात सांभार, सांभाराच्या डब्यात लोणी, लोण्याच्या डब्यात आंब्याचं लोणचं, आणि लोणच्याच्या बरणीत आइस्क्रीम असेल या आशेने पोरं ती दर दोन दिवसांनी उघडून पाहतात. सगळ्यात वर, बर्फाच्या कप्प्याखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या कळ्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

उन्हाळ्यात दोन्ही स्वयंपाकघरं गच्चीवर जातात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळायचा, पहाटे शिजवून साच्यातून गाळायचा. चौघीजणी लागतात, आणि चौघी आल्या की गल्लीतल्या पाचवीचं काय ते पुरतं ठरून जातं. मग सरगुंडे, मुगवड्या, खारोड्या, पापड. आणि वाळवणाची राखण. राखणीला पोरं बसवायची, त्यांच्या हातात काठी द्यायची, डोक्यावर छत्री द्यायची. कावळा आला, राखणदाराने काठी उगारली. खार आली, उगारली. बकरी जिना चढून आली, उगारली. मधे मधे राखणदार स्वतः अर्धवट वाळलेली कुरडई ओढून खातो, ती मोजणीत धरत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं असं की कोणत्याही वाळवणातला चौथा हिस्सा राखणदाराचा समजूनच गहू भिजवावे.

आता रिकाम्या वेळाचं. वेळ नाही हे वाक्य इथे दिवसभर ऐकू येतं, आणि ते म्हणणारा माणूस घाईत कधीच नसतो. बायकांचा रिकामा वेळ हातात काहीतरी असल्याशिवाय मोजत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या हिरव्या शेंगा निघाल्या की गल्लीतले सगळे ओटे भरतात. ज्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो ते काढायला शेंग चिमटीत दाबायची, अंगठ्याने उघडायची, तीन-चार दाणे कोपरात पडतात. एका भाजीपुरते सोले काढायला तास लागतो. चारजणी बसल्या तर दोन तास लागतात. या वेळात गावात कोणाची सोयरीक कुठे अडली, कोणाची सून माहेरी कधी गेली आणि अजून का आली नाही, कोणाच्या बोअरला किती फुटावर पाणी लागलं, याचा निकाल होतो. मधेच कोणी विचारलं, "काय करून रायल्या वं?" तर चौघी एका सुरात म्हणतात, "काही नाही बाप्पा, कामच सरत नाही." रात्री सोले-वांग्याची भाजी होते, पाच मिनिटांत खाऊन संपते, आणि पुरुषमाणसं विचारतात की दुपारभर तुम्ही काय करत होतात.

पुरुषांना असा आडोसा लागत नाही. ते "येतोच" म्हणून निघतात. पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत उभं राहतात. खर्रा घोटायला वेळ लागतो, आणि ठेलेवाल्याने तो मुद्दाम हळू घोटावा अशी गिऱ्हाइकांचीच अपेक्षा असते. (तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्यांची नावंही तिथेच उभं राहून घेतली जातात, हात न थांबवता. हसण्याजोगी गोष्ट नाही ही.) २८ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांना आणखी एक जागा मिळाली. त्या दिवशी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. पिढ्यान्‌पिढ्या एसटीवर वाढलेल्या गावाला आगगाडी आली. आमच्या गल्लीतले पुरुष ती पाहायला गेले. पाहून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी विचारलं, "वर्ध्याला जायचं आहे का कोणाला?" तर म्हणाले, "छे, तिथं काय काम हाय?" गाडीत चढायला काम लागतं. गाडी पाहायला लागत नाही.

आणि बाग. ती कोणी करत नाही. ती होते. मागच्या सांदवाडीत भांड्यांचं पाणी जातं तिथे गोडलिंब उगवतो, आळू पसरतो, कोणी थुंकलेल्या बीपासून पपई येते, आणि फुटक्या माठात, गळक्या बादलीत, तेलाच्या कापलेल्या डब्यात काही ना काही लावलेलं असतं. एका डब्यात दुर्वा. वावरात हेच गवत पिकात माजलं की मजूर लावून वखरून काढतो, त्याच्या मुळ्या वेचून बांधावर जाळतो. घरी तेच डब्यात लावून रोज पाणी घालतो, आणि ते पिवळं पडलं तर शेजारणीला दाखवून विचारतो की कशाने गेलं असेल.

जास्वंदीवर मात्र गावाचा जीव आहे. तांबडं फूल, गणपतीचं. सकाळी चिंतामणीला ते वाहायचं असतं, आणि देवाला दुसऱ्याच्या झाडाचं फूल वाहिलं तर चालतं, असा एक नियम कोणीतरी कधीतरी करून ठेवला आहे. पहाटे अंधारात बायका बाहेर पडतात. एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला तार वाकवलेली काठी. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक. कुंपणाच्या आतली फांदी काठीने बाहेर ओढता आली तर तीही सार्वजनिक. पायाखाली विटा ठेवून, दुसरीने पाठीला हात लावून, फाटकावर चढून तोडलेली फुलं मी स्वतः पाहिली आहेत. मालकीण जागी झाली आणि दारात आली तर दोन्हीकडून संवाद ठरलेला आहे.

"घ्या घ्या काकू, देवासाठीच तर हाय."

"दोनच घेतली वं माय. तुह्याच नावानं वाहतो."

पिशवी तेवढी पाठीमागे जाते.

याला तोड म्हणून मालकिणी संध्याकाळीच कळ्या तोडून ओल्या फडक्यात फ्रिजात ठेवू लागल्या. उद्या उमलणारी कळी आज तोडून गारव्यात ठेवली तरी सकाळी नीट उमलते. हे कळल्यावर काठ्या संध्याकाळी फिरू लागल्या. मग मालकिणी दुपारी तोडू लागल्या. आता कळंबातली जास्वंद कळी धरते न धरते तोच कोणाच्या ना कोणाच्या फ्रिजात जाऊन बसते, आणि झाडावर उमललेलं फूल पाहायला मिळणं अवघड झालं आहे. चोरलेल्या फुलाचं पुण्य कोणाला, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला होता. त्यांनी विचार न करता निकाल दिला, "पुन्य झाडवालीले, पाप तोडनारीले. चिंतामनीजवळ लिहेल असते." आणि देव्हाऱ्यामागून आपली काठी काढून त्या मास्तरांच्या घराकडे निघाल्या.

या सगळ्यांवर मात करतात ती वानरं. काळतोंडी, लांब शेपटीची, टोळीने येतात. टिनावर उडी पडली की आख्खी गल्ली हादरते. जांब, शेवग्याचा पाला, पपई, वाळवणातली मुगवडी आणि शेवटी जास्वंदीच्या कळ्या. मारायची सोय नाही, हनुमान आहे. फटाके फोडले तर दुसऱ्या टिनावर जातात, मग दुसरा टिनवाला फटाका फोडतो. एका शनिवारी पुढच्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि एक दांडगं वानर सरळ आत आलं. सगळे किंचाळले. वानर शांतपणे कूलरसमोर गेलं. तिथे ते झोपलेलं होतं. मांजराने एक डोळा उघडला, वानराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. वानर क्षणभर थांबलं, फ्रिजवरची प्लास्टिकची फुलदाणी उचलली आणि निघून गेलं. सासूबाई तेवढ्यावर आठ दिवस सांगत होत्या की 'आपल्या' मांजराने घर राखलं. 'आपल्या' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नवव्या दिवशी त्याने दुधाचा गंज सांडला आणि ते पुन्हा कोणाचंच नाही झालं.

आता कामाचं. सध्या तीन पिल्लं आहेत, दोन पांढरी, एक पिवळं. डोळे उघडले आहेत, दूध पितात, पोळी कुस्करून दिली तर खातात. उंदीर धरतील याची हमी नाही. कोणाला हवी असल्यास खुशाल न्यावीत, पैसे नकोत, वर मुगवड्यांची पुडी देईन. यवतमाळ आणि नागपूर दोन्हीकडून एसटी आहे, वर्ध्याकडून रेल्वे झाली आहे. टोपली घरून आणावी. मात्र दुपारी दीड ते तीनच्या दरम्यानच यावं, तेव्हा सासूबाई झोपलेल्या असतात. मागल्या खेपेला पिल्लू न्यायला आलेल्या एका भावाला त्यांनी "आमची नाहीत, कोणाची हाय काय माईत, कसं देऊ?" म्हणून चहा पाजून रिकाम्या टोपलीने परत पाठवलं. मागच्या सांदवाडीतून या, फाटक उघडंच असतं. कडी वाजवू नका.